मॉर्फिन-ट्रामाडॉल घेताना रक्त दिसलं तर संशय कुणावर घ्यायचा

घरात कुणाला ओपिऑइड म्हणजे मॉर्फिन-ट्रामाडॉलच्या गटातली पेनकिलर सुरू झाली की एक माणूस असतोच जो औषधाच्या खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद उलगडून साइड इफेक्टची यादी वाचत बसतो. आमच्याकडे तो माणूस म्हणजे मी. आत्याचा कॅन्सर हाडांपर्यंत गेला आणि तिला मॉर्फिन सुरू झालं तेव्हापासून माझं हे वाचन चालू आहे, आणि आमच्या घरात सगळ्यात जास्त गोंधळ ज्या प्रश्नाने घातला तो झोपेचा नव्हता, व्यसनाचा पण नव्हता, तो रक्ताचा होता. आत्याला संडासला रक्त दिसलं आणि आतेभावाचा मला फोन, "ताई, ते मॉर्फिन बंद करूया गं, रक्त पातळ होतंय त्याने, त्यापेक्षा डायक्लोफिनॅक देऊ, साधी गोळी आहे, सगळेच घेतात की."

मी त्याला म्हटलं, अरे थांब, तू चोर सोडून संन्याशाला फाशी देतोयस.

कारण ओपिऑइडने थेट रक्तस्राव होतो का याचं उत्तर नाही असंच आहे. मॉर्फिन, कोडीन, ऑक्सिकोडोन, फेंटानिल, ब्युप्रेनॉर्फिन ही सगळी मंडळी मेंदूत, मज्जारज्जूत आणि आतड्यात जे ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे औषध जिथे बसून काम करतं त्या जागा, असतात त्यांना जाऊन चिकटतात आणि दुखण्याचा निरोप वर पोचूच देत नाहीत किंवा पोचला तरी त्याची धार कमी करतात, बस. रक्त गोठायला जे लागतं, म्हणजे प्लेटलेट (जखमेवर गोळा होणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी) आणि लिव्हरमध्ये तयार होणारे, रक्त गोठवणारे ते क्लॉटिंग फॅक्टर, त्यांच्याशी नेहमीच्या डोसात यांचं काही देणंघेणं नाही. म्हणून तर ज्याला अल्सर होऊन गेलाय, ज्याच्या प्लेटलेट कमी आहेत किंवा जो रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर आहे अशा पेशंटचं दुखणं पॅरासिटामॉलने भागत नसेल तर डॉक्टर बऱ्याचदा ओपिऑइडकडे वळतात, आणि त्याचं कारणच हे की बाकीच्या पेनकिलर रक्ताच्या बाबतीत जास्त धोक्याच्या असतात.

त्या "बाकीच्या" म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, ॲस्पिरिन, केटोरोलॅक. आपण ज्यांना साधी गोळी म्हणतो त्या. ह्या गोळ्या कॉक्स नावाचं एन्झाइम बंद पाडतात, हे ॲस्पिरिनच्या बाबतीत जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. कॉक्स बंद पडलं की सूज आणि दुखणं कमी होतं हे खरं, पण त्याच एन्झाइममधून पोटाच्या अस्तराची राखण करणारी प्रोस्टाग्लँडिन बनतात आणि प्लेटलेट एकमेकांना चिकटायला लागतं ते थ्रॉम्बॉक्सेन पण त्यातूनच बनतं, म्हणजे एकाच गोळीने पोटात जखम व्हायची सोय केली आणि ती जखम लवकर बंद न होण्याची पण सोय केली. ॲस्पिरिन तर प्लेटलेटचं कॉक्स कायमचं बाद करतं, प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे ती नवीन एन्झाइम बनवू शकत नाही, त्यामुळे ती प्लेटलेट मरेपर्यंत म्हणजे साधारण ७ ते १० दिवस तशीच फिरत राहते. आयबुप्रोफेनचा परिणाम एखाद दिवसात उतरतो. केटोरोलॅक इतकं जहाल की ते एकूण ५ दिवसांच्या वर द्यायचंच नाही असा इशारा अमेरिकेत त्याच्या माहितीपत्रकावर छापलेला असतो. आणि ही म्हणे साधी गोळी!

मग ओपिऑइडवर असलेल्या माणसांना रक्त दिसतं ते कुठून? दिसतं तर खरंच, लोक खोटं बोलत नाहीत. माझं म्हणणं इतकंच की ओपिऑइड तिथे हजर असतं, पण काम बहुतेक वेळा त्याच्या सोबत्याचं असतं, आणि तो सोबती कधी त्याच गोळीत असतो, कधी दुसऱ्या स्ट्रिपमध्ये, तर कधी आतड्यात.

त्याच गोळीत म्हणजे कॉम्बिनेशनच्या गोळ्या. ट्रामाडॉल आणि डायक्लोफिनॅक, कोडीन आणि आयबुप्रोफेन, हायड्रोकोडोन आणि आयबुप्रोफेन, ऑक्सिकोडोन आणि ॲस्पिरिन, अशा जोड्या वेगवेगळ्या देशांत एकाच गोळीत मिळतात, आणि पेशंट काय सांगतो तर "मी ट्रामाडॉल घेतो" किंवा "मला कोडीनची गोळी दिलीय". स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात ब्रँडचं नाव, खाली बारीक अक्षरात दोन नावं, त्यातलं दुसरं नाव कुणी वाचत नाही. ते दुसरं नाव वाचा हो प्लीज. कोडीन-आयबुप्रोफेनची गोष्ट यात सगळ्यात वाईट आहे, कारण कोडीनची सवय लागते आणि माणूस गोळ्या वाढवत जातो, पण कोडीन वाढवताना आयबुप्रोफेन पण आपोआप वाढत जातं. एका गोळीत २०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन धरलं आणि माणूस दिवसाला ३० गोळ्यांवर गेला, अशी माणसं असतात, तर ते झालं ६००० मिलिग्रॅम, जिथे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घ्यायची मर्यादा १२०० ची असते. अशांच्या पोटात अल्सर फुटणं, रक्तस्राव होणं, किडनी बिघडणं, रक्तातलं पोटॅशियम खाली जाणं हे सगळं नोंदलं गेलंय, युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२२ मध्ये याबद्दल वेगळा इशारा काढला, आणि ऑस्ट्रेलियाने त्याच्याही आधी १ फेब्रुवारी २०१८ पासून कोडीनची कुठलीच गोळी प्रिस्क्रिप्शनशिवाय द्यायची नाही असं ठरवलं. म्हणजे इथे सवय लावली कोडीनने आणि पोट फोडलं आयबुप्रोफेनने, पण माणूस हॉस्पिटलमध्ये गेला की घरचे सांगणार कोडीनमुळे झालं. तसं बघायला गेलं तर ते पण अगदीच चूक नाही म्हणा.

पॅरासिटामॉलच्या जोडीला पोटाचा हा त्रास नाही, पण तिथे लिव्हर सांभाळावं लागतं. दिवसाला ४ ग्रॅम ही मोठ्या माणसाची वरची मर्यादा, आणि ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी चालू असताना तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल घेतली की ती मर्यादा कधी ओलांडली जाते कळत पण नाही. लिव्हर जबरदस्त बिघडलं तर क्लॉटिंग फॅक्टर बनणं थांबतं आणि मग रक्त थांबत नाही. याच भीतीने अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०११ मध्ये कंपन्यांना सांगितलं की प्रिस्क्रिप्शनच्या कॉम्बिनेशन गोळीत पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमच्या वर नको.

आता ट्रामाडॉल. हे जरा वेगळं प्रकरण आहे. ट्रामाडॉल हे निव्वळ ओपिऑइड नाही, ते सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन ही मज्जातंतूंमधली निरोप्या रसायनं परत शोषली जाणं पण अडवतं, म्हणजे डिप्रेशनच्या काही गोळ्या जे करतात तेच थोडंफार. आणि रक्ताचा इथे संबंध येतो कारण प्लेटलेटला सेरोटोनिन स्वतः बनवता येत नाही, ती ते रक्तातून उचलून स्वतःत साठवते आणि जखम झाली की तिथे सोडते, त्याने बाकीच्या प्लेटलेट गोळा व्हायला मदत होते. ते उचलायचं दारच बंद केलं तर साठा हळूहळू रिकामा होतो. सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम या डिप्रेशनच्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो तो याच वाटेने, आणि त्यांच्यासोबत आयबुप्रोफेन वगैरे असेल तर आणखी वाढतो. ट्रामाडॉलचा हा परिणाम त्यांच्याइतका जोरदार नाही, आणि ट्रामाडॉल व डिप्रेशनची गोळी एकत्र घेतल्यावर डॉक्टरांना खरी धास्ती असते ती फिट येण्याची आणि सेरोटोनिन सिंड्रोमची, म्हणजे शरीरात सेरोटोनिन धोकादायक इतकं वाढण्याची, रक्ताची चिंता त्यानंतर. पण एखाद्याला ट्रामाडॉल, सर्ट्रालिन आणि रोजचं लहान ॲस्पिरिन असं तिन्ही चालू असेल आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त येत असेल, हाताला उगाच निळे-काळे डाग पडत असतील, तर "वयाने होतं असं" म्हणून अंगावर काढू नका, तिन्ही नावं डॉक्टरांच्या कानावर घाला.

वॉरफॅरिन ही रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी तर ट्रामाडॉलच्या बाबतीत आणखी सावध राहायला हवं. ट्रामाडॉल सुरू केल्यावर काही पेशंटचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा, तो चढला की रक्तस्रावाचा धोका) वर गेल्याच्या नोंदी आहेत आणि औषधाच्या अधिकृत माहितीत पण हे लिहिलेलं असतं, त्यामुळे ट्रामाडॉल सुरू करताना, बंद करताना किंवा डोस बदलताना आयएनआर लवकर एकदा तपासून घ्यायचा. रोज नियमाने पॅरासिटामॉल घेतलं तरी वॉरफॅरिनवाल्यांचा आयएनआर चढू शकतो, हे तर कुणाच्या ध्यानीमनी पण नसतं.

आता आतड्याकडे येऊ, कारण आत्याचं प्रकरण तिथलंच होतं आणि माझ्या मते ओपिऑइड घेणाऱ्यांना दिसणारं रक्त बऱ्याचदा इथलंच असतं. ओपिऑइडचे रिसेप्टर आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंमध्ये भरपूर असतात. गोळी तिथे पोचली की आतड्याची पुढे ढकलायची हालचाल मंदावते, मल तिथेच पडून राहतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि तो खडा होतो. मळमळ, गुंगी या गोष्टींची शरीराला काही दिवसांत सवय होते पण बद्धकोष्ठाची सहसा होत नाही, गोळी आहे तोवर ते आहेच. मग माणूस कुंथतो, फिशर म्हणजे गुदद्वाराला चीर होते, जुनी मूळव्याध असेल तर ती फुगते आणि लालभडक रक्त येतं, कागदावर किंवा भांड्यात थेंब थेंब, मलाच्या वरून, आत मिसळलेलं नाही. आत्या तीन-चार दिवस संडासला न जाता काढायची आणि सांगायचीच नाही, लाज वाटायची तिला, "कशाला सगळ्यांना त्रास" म्हणायची, आणि वर मॉर्फिनसोबत लिहून दिलेलं जुलाबाचं औषध तिने स्वतःच बंद केलं होतं कारण "पोट साफ व्हायला गोळ्या खाणं बरं नव्हे". डॉक्टरांनी तपासलं, फिशर निघाली. मॉर्फिन तेवढंच ठेवलं, जुलाबाचं औषध रोज रात्री न चुकता सुरू केलं, फिशरला मलम दिलं, आणि रक्त थांबलं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. ओपिऑइडच्या बद्धकोष्ठाला नुसता कोंडा, इसबगोल असले फुगणारे पदार्थ वाढवून उपयोग नसतो, पाणी कमी पडलं तर तो फुगलेला गोळा पुढे सरकत नाही आणि उलट अडकून बसतो. आतड्याला हालचाल करायला लावणारं औषध लागतं, सेना (सोनामुखी) किंवा बिसाकोडिल, किंवा मग मल मऊ ठेवणारं पॉलिएथिलीन ग्लायकॉल. एवढ्याने भागत नसेल तर फक्त आतड्यातल्या रिसेप्टरवरून ओपिऑइडला हुसकावणारी औषधं आहेत, मेथिलनालट्रेक्सोनचं इंजेक्शन अमेरिकेत २००८ मध्ये आलं आणि नालोक्सेगॉलची गोळी २०१४ मध्ये, ती मेंदूत फारशी शिरत नाहीत म्हणून दुखण्यावरचा परिणाम तसाच राहतो. ह्या गोष्टी डॉक्टरांना विचारायच्या, आपल्या मनाने नाही.

पण लाल रक्त म्हणजे फिशरच असं धरून बसू नका, आणि काळा रंग तर त्याहून गंभीर. मल काळाकुट्ट, डांबरासारखा चिकट आणि नेहमीपेक्षा वेगळ्याच उग्र वासाचा असेल तर रक्त वर पोटातून येतंय, खाली येईपर्यंत ते पचून काळं झालंय असा त्याचा अर्थ. लोहाच्या गोळ्यांनी पण मल काळा होतो, पण तो सहसा इतका चिकट आणि घाणेरड्या वासाचा नसतो. काळ्या मलासोबत चक्कर, घाम, धडधड, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी असं काही असेल किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, सरळ इमर्जन्सी. आणि यात ओपिऑइडचा एक छुपा तोटा असा की ते पोटातलं दुखणं पण दाबतं, त्यामुळे आत अल्सर असला तरी पोट फारसं दुखत नाही आणि पहिली खूण थेट रक्तानेच मिळू शकते. "दुखत नाहीये म्हणजे पोट ठीक आहे" हे या गोळ्यांवर असताना चालत नाही.

उलटीचं निघालंच आहे तर, ओपिऑइडने सुरुवातीला खूप मळमळतं आणि कोरड्या ओकाऱ्या काढून काढून अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला चीर पडू शकते, मॅलरी आणि वाइस या डॉक्टरांनी १९२९ मध्ये ती नोंदवली म्हणून त्यांच्या नावाने ओळखतात. आधी साध्या उलट्या आणि मग एकदम लाल रक्त, असा तिचा क्रम. बहुतेक वेळा आपोआप भरते, पण दाखवायचं. फेंटानिलचा नाकात मारायचा स्प्रे असतो त्याने नाकातून रक्त येऊ शकतं, ते त्याच्या पत्रकात असतंच.

माझ्या आतेभावाने (तो चिवट आहे, सहजासहजी मानत नाही) मला एक अभ्यास पाठवला होता, २०१० चा, अमेरिकेतल्या संधिवाताच्या वयस्कर पेशंटवरचा, त्यात ओपिऑइड घेणाऱ्यांत पोटातल्या रक्तस्रावाचा धोका आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅकसारख्या जुन्या सूज-विरोधी गोळ्या घेणाऱ्यांइतकाच निघाला होता, आणि कॉक्सिब म्हणजे पोटाला कमी त्रास देणाऱ्या नव्या सूज-विरोधी गोळ्यांच्या गटात तो कमी, जुन्या गोळ्यांच्या ०.६० पट. "बघ, लिहिलंय." लिहिलंय, खरंय. पण हा अभ्यास औषधं आणि इलाज यांच्या नोंदींवरून मागे वळून केलेला आहे, आणि ओपिऑइड ज्यांना लिहून दिलं जातं ते बऱ्याचदा आधीच पोट बिघडलेले, जास्त आजारी, सूज-विरोधी गोळ्या न सोसणारे असतात. संशोधकांनी दोन्ही गट सारखे करायचा प्रयत्न केला होता, पण प्रिस्क्रिप्शनशिवाय आणलेलं ॲस्पिरिन-आयबुप्रोफेन अशा नोंदींत येतच नाही. त्यामुळे ओपिऑइड रक्त काढतं असं मला त्यातून दिसत नाही. फार तर इतकंच की ओपिऑइड दिलं म्हणजे पोटाची काळजी मिटली असं समजू नये. मला त्यातला दुसराच आकडा जास्त झोंबला, हाड मोडण्याचा धोका ओपिऑइड गटात जुन्या सूज-विरोधी गोळ्यांच्या ४.४७ पट. गुंगी, तोल जाणं, रात्री बाथरूमला उठताना पडणं. आणि पडणारा माणूस रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असेल तर डोक्याला लागलेला साधा वाटणारा मार आत रक्त साठवत जातो, दोन आठवड्यांनी माणूस गोंधळल्यासारखा बोलायला लागतो तेव्हा कळतं. हा रक्तस्राव कुठल्याच यादीत ओपिऑइडच्या नावावर लिहिलेला नसतो, पण मी आत्याच्या खोलीत रात्रीचा दिवा चालू ठेवते तो याचसाठी.

काही ठिकाणी तर गाडी उलट्या दिशेने जाते. हार्ट अटॅकच्या पेशंटला मॉर्फिन दिलं की पोट मंदावतं आणि तोंडावाटे दिलेली टिकाग्रेलॉर किंवा क्लोपिडोग्रेल (प्लेटलेट एकमेकांना चिकटू न देणाऱ्या गोळ्या) उशिरा शोषली जाते, म्हणजे प्लेटलेट हव्या तितक्या लवकर थंडावत नाहीत आणि डॉक्टरांना काळजी असते ती गुठळीची. बायकांमध्ये ओपिऑइड बरेच महिने चालू राहिलं तर हॉर्मोनचा ताल बिघडून पाळी लांबते किंवा बंदच होते, वाढत नाही. त्यामुळे ओपिऑइडवर असताना पाळीत अंगावरून खूप जायला लागलं तर "गोळीमुळे असेल" म्हणून सोडू नका, कारण दुसरीकडे शोधायचं.

एक विचित्र अपवाद मात्र सांगायलाच हवा. अमेरिकेत २०१२ मध्ये टेनेसी राज्यात ऑक्सिमॉर्फोनची लांब टिकणारी गोळी, ओपाना ईआर, विरघळवून नसेत टोचून घेणाऱ्या लोकांच्या प्लेटलेट धडाधड खाली गेल्या आणि लाल पेशी फुटायला लागल्या. दोष ऑक्सिमॉर्फोनचा नव्हता, गोळी कुटता येऊ नये म्हणून तिच्यात घातलेल्या पॉलिएथिलीन ऑक्साइडचा होता, तो पोटात गेला तर काही करत नाही पण रक्तात गेला की करतो. एफडीएने २०१७ मध्ये कंपनीला ती गोळी बाजारातून काढायला सांगितली. तोंडाने गोळी घेणाऱ्या आपल्या माणसांशी याचा संबंध नाही, पण नेटवर "ओपिऑइडने प्लेटलेट कमी होतात" असं वाचलं असेल तर त्यातलं काही या गोष्टीतून आलेलं असू शकतं.

शेवटचं, ऑपरेशन किंवा दात काढायचा असेल तेव्हाचं. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन, आयबुप्रोफेन यातलं काय, किती दिवस आधी थांबवायचं ते डॉक्टर सांगतील, काही वेळा थांबवायचं नसतं पण, म्हणून विचारूनच. ओपिऑइड रक्ताच्या भीतीने आपण होऊन बंद करायचं नाही, रोजचं मॉर्फिन अचानक तोडलं की घाम, थरथर, जुलाब, अंगदुखी सुरू होते आणि मूळ दुखणं दुप्पट जोराने वर येतं ते वेगळंच. भूल देणाऱ्या डॉक्टरांना मात्र रोजचा डोस मिलिग्रॅममध्ये सांगायचा, औषधाचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) लावलेला असेल तर तो कुठे आहे आणि कधी लावला ते पण, कारण ऑपरेशननंतर किती औषध द्यायचं हे त्या आकड्यावरून ठरतं.